स्क्रॅचबिल्ट इमारतींच्या भिंती काही आठवड्यांनी वाकतात : कारण कसं ओळखायचं आणि काय करायचं

भिंत कापली तेव्हा सरळ होती, चिकटवली तेव्हा सरळ होती, रंगवून मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर ठेवली तेव्हाही सरळच होती. तीन आठवड्यांनी मालगोदामाकडे रुळांच्या पातळीवरून नजर टाकली, तर लांब भिंत मधोमध आत गेलेली आणि दोन्ही टोकं बाहेर आलेली. छप्पर एका कोपऱ्यात टेकत नाही आणि सरकत्या दरवाज्याच्या मागे फट दिसते. स्क्रॅचबिल्ट, म्हणजे तयार किट न घेता शीट कापून शून्यातून मॉडेल इमारती बांधणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. त्यावर बहुतेक जण एकच उपाय करतात : पुढच्या वेळी जाड शीट घ्यायची. जाड शीटने बाक कमी दिसतो आणि उशिरा दिसतो, पण कारण तिथेच राहतं.

भिंत कमजोर असते म्हणून वाकत नाही. तिच्या एका बाजूला जे झालं ते दुसऱ्या बाजूला झालं नाही, म्हणून वाकते. एका बाजूला द्रावक मुरलं, एका बाजूला पाणी लागलं, एका बाजूला रंग बसला. ती बाजू सुकताना आकसली आणि दुसरी होती तशीच राहिली.

किती आकसली की भिंत वाकते, हा हिशेब एकदा करून पाहावा. १ मिमी गाभ्यावर, म्हणजे भिंतीच्या मुख्य शीटवर, विटांचा उठाव असलेली ०.५ मिमी शीट चिकटवली आहे, भिंत २०० मिमी लांब आहे. विटांची शीट हजारात एक भाग, म्हणजे सगळी मिळून ०.२ मिमी आकसली, तर मोकळी भिंत मधोमध सुमारे ४ मिमी वाकते. एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७ प्रमाणात, ४ मिमी म्हणजे खऱ्या इमारतीत ३५ सेंटिमीटर. शिवाय हा बाक लांबीच्या वर्गाने वाढतो : १०० मिमी भिंतीत जेमतेम १ मिमी, ३०० मिमी भिंतीत १० मिमीच्या आसपास. म्हणून केबिन, सिग्नल बॉक्स, पंपघर अशा छोट्या इमारती वर्षानुवर्षं सरळ राहतात आणि त्याच हाताने, त्याच गोंदाने बांधलेलं इंजिन शेड वाकतं.

आधी मोजा, मग दिशा पाहा

स्टीलची मापपट्टी भिंतीवर कडेने उभी धरा आणि मधल्या फटीत साध्या ८० जीएसएम कागदाचे तुकडे सरकवत जा. एक कागद साधारण ०.१ मिमी. तीन कागदांपर्यंत फट असेल तर त्या भिंतीला हात लावू नका. डोळ्याला ते कळत नाही, आणि दुरुस्तीच्या नादात विटांचा उठाव मात्र बिघडतो. दहा कागद शिरले तर पुढे वाचा.

मापपट्टी लांबीच्या दिशेने, उंचीच्या दिशेने आणि दोन्ही कर्णांवर धरून पाहायची. लांबीत बाक आणि उंचीत सरळ, तर थर किंवा रंग हे कारण. एकाच कर्णावर बाक असेल तर भिंतीला पीळ पडला आहे. पिळाचं कारण बहुतेक वेळा कोपऱ्यात असतं : गुण्या न लावता जोडलेला कोपरा, किंवा जोडताना जबरदस्तीने बसवलेली त्रिकोणी भिंत. पीळ पडलेल्या भिंतीवर पुढचे बरेचसे उपाय वाया जातात. कोपरा उकलून पुन्हा जोडणं हाच तिथला इलाज.

पोकळ बाजू कोणती आहे ते पाहिलं की दोषी थर सापडतो, कारण सुकून आकसलेली बाजू नेहमी पोकळ होते. दर्शनी बाजू पोकळ असेल तर विटांची शीट किंवा बाहेरचा रंग. आतली बाजू पोकळ असेल तर आतून लावलेल्या फासळ्या, किंवा त्यांच्याभोवती ओतलेलं द्रावक. वेळही सांगते : चिकटवल्यावर तासाभरात उलटसुलट हलणारी भिंत पुठ्ठ्याची आणि पाण्याच्या गोंदाची असते, दोन दिवसांत वाकणारी बहुधा रंगामुळे, आणि दोन-तीन आठवड्यांपासून पुढे महिनोनमहिने हळूहळू वाकत राहणारी म्हणजे स्टायरीनच्या (पॉलिस्टायरीन प्लास्टिकच्या शीटच्या) थरांत अडकलेलं द्रावक.

स्टायरीनचे दोन थर : खरा चोर इथे असतो

स्टायरीनचं द्रावक हा गोंद नसतो. ते प्लास्टिक विरघळवतं, दोन्ही पृष्ठभाग मऊ होऊन एकमेकांत मिसळतात आणि द्रावक उडून गेलं की सांधा उरतो. कोपऱ्याच्या सांध्यात द्रावकाला उडायला जागा असते. दोन शीट एकमेकींवर सपाट चिकटवल्या की ती जागा उरत नाही. २४० गुणिले ६० मिमीच्या भिंतीत मधल्या द्रावकाला सर्वांत जवळची कड ३० मिमीवर असते, नाहीतर प्लास्टिकमधूनच झिरपत बाहेर यावं लागतं. पातळ शीट त्या काळात फुगलेल्या अवस्थेतच गाभ्याला पक्की होते, आणि द्रावक जाईल तसतशी आकसून गाभ्याला आपल्याकडे ओढते. वरून दाब किती दिवस ठेवला याने फारसा फरक पडत नाही. दाब काढल्यावर उरलेलं आकसणं सुरूच राहतं.

कोणतं द्रावक वापरता यावर बरंच अवलंबून आहे. डायक्लोरोमिथेन साधारण ४० अंश सेल्सिअसला उकळतं, एमईके (मिथिल इथिल कीटोन) ८० अंशांजवळ आणि संत्र्याच्या वासाचं लिमोनिन १७६ अंशांजवळ. लिमोनिनचा गोंद नाकाला सोसतो, घाई करावी लागत नाही, कोपरे जोडायला उत्तम. पण मोठ्या सपाट थरांसाठी तो वापरू नये, कारण तो सर्वांत उशिरा निघतो. ट्यूबमधला घट्ट गोंद तर त्याहून नको. थरांसाठी एमईके हा चांगला मधला मार्ग. डायक्लोरोमिथेन झटपट उडतं पण प्रकृतीला घातक आहे. वापरायचंच असेल तर वाहत्या हवेत, आणि बाटली हवी तेवढा वेळच उघडी. एमईके पेट घेतं, तेव्हा जवळ ज्योत किंवा तापलेली सोल्डरिंग इस्त्री नको.

वाकणार नाही अशी भिंत बनवण्याची पद्धत अशी. १०० मिमीपेक्षा लांब कोणत्याही भिंतीला तीन थर घ्या : बाहेर ०.५ मिमी विटांची शीट, मध्ये १ मिमी गाभा, आत ०.५ मिमी साधी शीट. आतली शीट दिसत नाही म्हणून ती वगळण्याचा मोह होतो. पण भिंत सरळ ठेवते ती तीच, कारण ती बाहेरच्या शीटइतक्याच जोराने उलट दिशेला ओढते. जाडी फार होईल ही भीतीही खरी नाही. तीन थर मिळून २ मिमी होतात, आणि नऊ इंची विटेची खरी भिंत १:८७ मध्ये २.६ मिमी भरते. उलट खिडकीला खोली येते आणि इमारत कागदी वाटत नाही. एन स्केलमध्ये, १:१६० ला, ०.२५ + ०.५ + ०.२५ पुरतं.

गाभा आणि आतली शीट एकावर एक ठेवून चिकटपट्टीने बांधा आणि दोन्हींतून एकदमच २ मिमीची छिद्रं पाडा, २० ते २५ मिमी अंतरावर, कडेपासून ८ मिमी आत. खिडक्या-दरवाज्यांची भोकंही या दोन थरांत आधीच कापा, चारही बाजूंनी १ मिमी मोठी. पुढे विटांच्या शीटमधलं भोक बरोबर मापाचं कापलं की मागे आपोआप खाच तयार होते आणि चौकट तिथे बसते. छिद्रांच्या कडेला वर आलेली प्लास्टिकची धार पात्याने खरवडून काढा, नाहीतर थर एकमेकांना टेकत नाहीत.

आता विटांची शीट पालथी करून काचेवर ठेवा, त्यावर गाभा, त्यावर आतली शीट. कडा गुण्याला लावून जुळवा आणि बोटांनी दाबून धरा. १ नंबरचा ब्रश द्रावकात बुडवून बाटलीच्या तोंडाला टेकवा, म्हणजे थेंब लोंबणार नाही, आणि प्रत्येक छिद्राला एकदाच स्पर्श करा. केशाकर्षणाने द्रावक छिद्रातून दोन्ही सांध्यांत एकाच वेळी शिरतं आणि भोवती पाच-सहा मिलिमीटर पसरतं. पांढऱ्या शीटमध्येही तो ओलसर डाग तिरप्या उजेडात दिसतो. तेवढं पुरे. अखंड पृष्ठभाग चिकटला पाहिजे असं काही नाही. ठिपक्यांनी जोडलेली भिंत हाताला पूर्ण घट्ट लागते. शेवटी कडांवरून आणि खिडक्यांच्या भोकांतून एकेक हलका हात फिरवा.

दाबताना एक चूक हमखास होते. खाली काच, वर काच आणि वर वजन. यात द्रावक पूर्ण कोंडतं. खाली काच ठीक, पण वर छिद्रांच्या ओळींमधल्या जागेत लाकडी पट्ट्या ठेवून त्यांवर वजन ठेवा, म्हणजे छिद्रं उघडी राहतील. २४ तासांनी वजन काढा आणि भिंत कडेवर उभी करून ठेवा, दोन्ही बाजूंना हवा लागेल अशी. आठ दिवस. त्याआधी रंग नको आणि खोकं जोडणंही नको. नाकाजवळ धरून वास येत असेल तर अजून वेळ आहे.

मोठ्या भिंतीला द्रावकच नको असेल तर आधार नसलेली, फक्त चिकट थराची दुहेरी टेप संपूर्ण पृष्ठभागावर लावता येते. त्यात आकसणं नाहीच. फक्त ती एकदा टेकली की सरकवता येत नाही, आणि कापलेल्या कडा द्रावकाने बंद कराव्या लागतात.

फासळ्या, खोकं आणि हवा

फासळी आडवी चिकटवणं म्हणजे आणखी एक थर देणं. ती उभी, म्हणजे धारेवर, चिकटवा. फासळीची उंची दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो, म्हणून १ मिमी जाड आणि ६ मिमी उंच पट्टी भिंतीला काटकोनात लावलेली बरी. एक छपराच्या वळचणीखाली, एक खिडक्यांच्या खालच्या पातळीला. पूर्ण लांबी द्रावकाने भिजवू नका; दर १५ मिमीला एक ठिपका. जास्त भिजवलं तर दोन गोष्टी होतात : आतली बाजू ओढली जाऊन भिंत उलटी वाकते, आणि बाहेर विटांवर फासळीची खोलगट रेघ उमटते. रंग दिल्यावर ती रेघ आणखी ठळक होते.

२ मिमी शीटचा तळ आणि वरची चौकट द्या, आणि लांब इमारतीत दर ७० ते ८० मिमीला एक आडवी भिंत. आडव्या भिंतींना मधोमध मोठं भोक ठेवा. तळाला ६ ते ८ मिमीची किमान दोन छिद्रं हवीतच. छप्पर चिकटवून सगळीकडून बंद केलेल्या खोक्यात आतल्या सांध्यांची वाफ कोंडते, प्लास्टिक आतून मऊ राहतं आणि भिंती हळूहळू आत बसतात. कोपऱ्यात ६ मिमीचा भरीव चौकोनी ठोकळाही त्याच कारणासाठी नको. दोन पट्ट्यांचा एल आकार तितकाच गुण्यात राहतो आणि लवकर सुकतो.

आत दिवा असेल तर एलईडीच लावा. फिलामेंटचा बल्ब छपराजवळ असला की पाखं वरून खाली झुकतं, आणि लोक त्याचा दोष गोंदाला देत बसतात.

पुठ्ठा असेल तर

इथे द्रावकाच्या जागी पाणी येतं, तत्त्व तेच. कागदाचे तंतू भिजल्यावर लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात. म्हणून पुठ्ठा तंतूंच्या आडव्या दिशेने पसरतो. तंतूंची दिशा ओळखायला त्याच तावातून काढलेल्या पातळ थराचा ५० मिमी चौकोन घ्या, एका कडेवर खूण करा आणि एक बाजू ओल्या बोटाने पुसा. तो गुंडाळू लागेल. नळीची लांबी ज्या दिशेला असते ती तंतूंची दिशा.

भिंत कापताना तंतू लांबीच्या दिशेने ठेवा. बाक मग उंचीवर येतो. २४० मिमी लांब, ६० मिमी उंच भिंतीत वाकणारं अंतर चौपटीने कमी झालं म्हणजे बाक सोळापटीने कमी. गोंदाची जात न बदलता, एक पैसा खर्च न करता मिळणारा हा सर्वांत मोठा फायदा आहे, आणि शीट वाचवायच्या नादात भिंती आडव्यातिडव्या मांडून लोक तोच घालवतात.

दोन थर चिकटवायचे तर दोन्हींचे तंतू एकाच दिशेला. दोन थर एकमेकांना काटकोनात ठेवले तर भिंत घोड्याच्या खोगिरासारखी वाकते. तीन थर असतील तर प्लायवूडसारखं : बाहेरचे दोन एका दिशेला, मधला आडवा.

पाण्याच्या रंगाआधी पुठ्ठा दोन्ही बाजूंनी आणि कडांवर चपड्याने, म्हणजे शेलॅकने, बंद करा. स्पिरिटमध्ये विरघळवलेला पातळ चपडा, दोन हात. तो पुठ्ठ्यात मुरतो, फुगवत नाही आणि कापलेल्या कडा कडक करतो. विटांचा छापील कागद पांढऱ्या गोंदाने लावायचा असेल तर गोंद कडक कार्डाच्या तुकड्याने ओढून इतका पातळ करा की खालचा पुठ्ठा दिसला पाहिजे, आणि त्याच बैठकीत मागे तेवढ्याच वजनाचा साधा कागद लावा. मग टिपकागदांमध्ये दाबून ठेवा, पहिल्या तासानंतर टिपकागद बदला.

फोमबोर्डबद्दल एवढंच : एका बाजूचा कागद सोलला तर दुसऱ्याही बाजूचा सोला, आणि स्टायरीनचं द्रावक किंवा लॅकरचा स्प्रे त्याच्या फोमजवळ आणू नका, फोम जागच्या जागी वितळतो. एमडीएफला लेझरने कापल्यावर रंगाआधी सहाही बाजूंनी सीलर द्यावा लागतो.

छप्पर

पुठ्ठ्याच्या पाख्यावर कौलांच्या किंवा स्लेटच्या कागदी पट्ट्या चिकटवल्या की प्रत्येक पट्टीबरोबर थोडं पाणी बाहेरच्या बाजूला जातं. पंचवीस पट्ट्या म्हणजे पंचवीस वेळा. सुकल्यावर वळचणीचे कोपरे वर उचलले जातात. पट्ट्या लावण्याआधी पाख्याच्या खालच्या बाजूला त्याच गोंदाने एक अखंड कागद लावून ठेवा आणि दर ४० मिमीला त्रिकोणी आधार द्या. पट्ट्या काडीच्या कोरड्या गोंदाने लावल्या तर आणखी बरं. आढ्यावरची शेवटची पट्टी मात्र पाखी आधारांवर बसल्यानंतरच लावायची.

रंग

प्रायमरचा पहिला हात आतल्या बाजूला द्या. मग बाहेर पातळ, दूरून, दोन-तीन फेऱ्यांत. एका जाड फेरीत स्प्रेमधलं द्रावक पातळ शीट पुन्हा फुगवतं आणि आठ दिवस थांबून मिळवलेलं सगळं जातं.

इमारत बोर्डावर बसवताना

भिंत स्वतः सरळ असूनही लेआउटवर नेल्यावर वाकत असेल तर ती बहुधा चारही कडांनी बोर्डाला चिकटवलेली आहे. स्टायरीन तापमानाच्या दर अंशाला दशलक्षात सुमारे ७० भाग वाढतं. ३०० मिमी भिंत २० अंशांच्या फरकात ०.४ मिमीने लांबीला वाढते. खालचं लाकूड तेवढं वाढत नाही, ते हवेतल्या दमटपणाने आपल्या गतीने हलतं. दोन्ही टोकं पक्की असतील तर मधल्या भिंतीला बाहेर फुगण्याशिवाय वाट नाही. एका टोकाला एक पिन पक्की आणि दुसऱ्या टोकाला लांबट भोकातली सैल पिन, एवढ्यावर इमारत जागेवर राहते. प्लॅटफॉर्मच्या लांब कडा आणि आधारभिंती दर २५०-३०० मिमीला ०.५ मिमी फट ठेवून जोडा. पावसाचं पाणी उतरणारा नळ नेमका त्या फटीवर आणला की फट दिसत नाही.

वाकून गेलेली भिंत

प्लास्टिक अजून आकसतंय का ते आधी पाहा. आज मापून तारीख लिहा, दहा दिवसांनी पुन्हा मापा. आकडा बदलत असेल तर दुरुस्ती थांबवा. आज सरळ केलेली भिंत पुन्हा वाकेल.

आकडा स्थिर झाला आणि दर्शनी बाजू पोकळ असेल, तर छप्पर काढून भिंतीच्या मागे, लांबीला काटकोनात, दर ८ ते १० मिमीला पात्याच्या पाठीने व्ही आकाराच्या खाचा ओढा. खोली एकूण जाडीच्या तिसऱ्या भागाइतकी, त्याहून जास्त नको, नाहीतर विटांवर मोड उमटतो. भिंत काचेवर दर्शनी बाजू खाली करून दाबली की या खाचा मिटतात. मिटलेल्या खाचांत एमईकेचा एकेक हात फिरवा, वजन ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी ६ मिमीच्या दोन उभ्या फासळ्या ठिपक्यांनी लावा. वजन फासळ्या सुकेपर्यंत काढायचं नाही.

आतली बाजू पोकळ असेल तर काम उलटं. फासळ्या पात्याने सुटतील तेवढ्या सोडवा, तशाच खाचा ओढा. सरळ करताना त्या उघडतील. उघडलेल्या फटींत ०.२५ मिमी शीटच्या बारीक पट्ट्या बसवून चिकटवा.

गरम पाणी आणि हेअर ड्रायर रेझिनच्या ओतीव भागांसाठी ठेवा. पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ होतं, पण ताणाखाली असलेली पातळ शीट त्याच्या आधीच हलते, आणि विटांचा उठाव सपाट होऊन कायमचा जातो.

बाक ३०० मिमीमध्ये ८ मिमीपेक्षा जास्त असेल किंवा खिडक्यांमधली पट्टी ५ मिमीपेक्षा अरुंद असेल, तर नवी भिंत कापणंच बरं. खाचा त्या अरुंद पट्टीत जमा होतात आणि ती तिथेच मोडते. जुन्या भिंतीतून चौकटी आणि दरवाजे अलगद सोडवून घ्या, आणि तिची उरलेली पट्टी द्रावकाची नवी बाटली तपासायला ठेवा : दोन थर चिकटवा, तारीख टाका, महिन्याने मापा.